जिवाणूंचे पाकीट जिवंत आहे का, हे आम्हाला कोण सांगणार?

प्रति,
राज्याच्या कृषी खात्यात खतांच्या गुणवत्तेची जबाबदारी सांभाळणारे आणि गावोगाव जिवाणू खतांचा सल्ला देणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी पुरंदर तालुक्यातली शेतकरी. खरिपात वाटाणा, मागाहून टोमॅटो आणि मधल्या काळात मेथी-कोथिंबीर, अशी आमची तीन एकरांची शेती आहे. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या गावात खरिपाच्या तयारीची बैठक झाली. दरवर्षीचाच सल्ला याही वर्षी मिळाला: बीजप्रक्रिया करा, जिवाणू खते (पिकाला अन्न मिळवून देणाऱ्या जिवंत जिवाणूंची पाकिटे) वापरा, रासायनिक खताची मात्रा पाव हिश्शाने कमी करा. मी उठून विचारले, "साहेब, पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत हे आम्ही कसे ओळखायचे?" उत्तर आले, "पाकिटावरची मुदत बघून घ्या." बैठक पुढे गेली. मी मात्र तिथेच अडकून पडले, कारण मागच्या खरिपात माझ्या वावरात जे झाले ते मुदतीच्या आतल्या पाकिटांनीच झाले.

आधी एक सांगते. जिवाणू खतांना विरोध करायला हे पत्र लिहिलेले नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे आणि तो कुणाच्या भाषणाने बसलेला नाही, डोळ्यांनी पाहून बसला आहे.

चार वर्षांपूर्वी आमचे माळाकडचे एक एकर रान पहिल्यांदा वाटाण्याखाली आणले. त्या रानात माझ्या सासूबाईंच्या आठवणीत बाजरीशिवाय काही पिकले नव्हते. म्हणजे वाटाण्याच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू त्या मातीत असतील तर फारच थोडे. त्या वर्षी माझा मुलगा कामासाठी पुण्याला गेला होता, त्याने येताना कृषी महाविद्यालयातून वाटाण्याच्या रायझोबियमची, म्हणजे त्याच गाठी करणाऱ्या जिवाणूंची, चार पाकिटे आणली. गूळ पाण्यात उकळला, पाणी पूर्ण गार होऊ दिले, त्यात ती काळी भुकटी कालवली आणि घमेल्यात ३५ किलो बी हलक्या हाताने चोळले. गोणपाटावर सावलीत पसरून सुकवले आणि त्याच दिवशी पेरले. मुद्दाम चार तास, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, तसेच न चोळलेल्या बियांचे ठेवले. सासूबाई म्हणाल्या, "हे कशाला वाया घालवतेस?" मी म्हटले, बघायचे आहे.

फुले लागली तेव्हा दोन्हीकडची पाच-पाच रोपे मुळे न तुटता खुरप्याने उकरली आणि बादलीत धुतली. चोळलेल्या बियांच्या रोपांवर मुख्य मुळाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी झुपक्याने होत्या. नखाने गाठ फोडली की आत गुलाबी, तांबूस रंग. न चोळलेल्या चार तासांतल्या रोपांवर कुठे दोन, कुठे तीन बारक्या गाठी, त्याही आतून पांढऱ्या. खालची पाने पिवळी पडायला लागली होती. कागदावर कुणी कितीही समजावले असते तरी ते मला असे समजले नसते. ते चार तास बांधावरूनही ओळखू येत होते.

तो गुलाबी रंग कशाचा, हे मी नंतर वाचले. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असते, त्याच्याच जातकुळीतले लेगहिमोग्लोबिन त्या गाठीत तयार होते. हवेतले नत्र फोडून पिकाला देणारे जे विकर (एन्झाइम) जिवाणूजवळ असते, ते मोकळ्या प्राणवायूने निकामी होते. म्हणून वनस्पती गाठीच्या आत प्राणवायू मापून पोचवते आणि त्या कामाला हे लाल द्रव्य लागते. गाठ गुलाबी म्हणजे कारखाना चालू. पांढरी असेल तर तो सुरूच झालेला नाही, आणि हिरवट पडली म्हणजे दमला. जर्मनीतल्या हेलरीगेल यांनी १८८६ साली हे कोडे सोडवले, तेही वाटाण्यावरच: निर्जंतुक वाळूत नत्राशिवाय उपाशी राहणारा वाटाणा, तिच्यात शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले की तरारून येत होता. दोन वर्षांनी हॉलंडमध्ये बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला. म्हणजे या विद्येला जवळपास १४० वर्षे झाली. तिच्याबद्दल शंका उरलेली नाही. शंका आहे ती माझ्या तालुक्यात मला मिळणाऱ्या पाकिटाबद्दल.

आता मागच्या खरिपाचे. त्याच माळाच्या खालच्या अंगाला आणखी एक एकर नवे रान होते, तेही बाजरीचेच. पुण्याला जाणे जमले नाही. पाऊस लवकर आला, वाफसा आला की पेरणी थांबत नाही. म्हणून जवळच्या एका दुकानातून रायझोबियम घेतले. दुकानाचे आणि कंपनीचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या एका दुकानाला धडा शिकवून माझा प्रश्न सुटणार नाही. पाकिटावर मुदत होती आणि ती संपायला दोन महिने बाकी होते. "सर्व कडधान्यांसाठी" असे मोठ्या अक्षरांत छापले होते. तुमचा सल्ला मानून मी त्या एकराला युरिया आणि डीएपी पाव हिश्शाने कमी दिले. सवयीप्रमाणे चार तास न चोळलेले ठेवले.

फुलोऱ्यात मुळे धुतली. दोन्हीकडे सारखेच. चोळलेल्या बियांची रोपे कोणती आणि न चोळलेल्यांची कोणती, हे मला मुळांवरून सांगता आले नाही. एका रोपावर चार गाठी, दुसऱ्यावर एकही नाही. पाने खालून पिवळी. मग घाईने युरिया टाकला, पण फुलोरा सरत आला होता. पहिल्या वर्षीच्या रानात पाच तोडे झाले होते, इथे तिसऱ्या तोड्यातच शेंगा संपल्या. सासवडच्या बाजारात वाटाण्याला भाव चांगला होता, तेव्हा माझ्याकडे माल नव्हता. तोडणीला येणाऱ्या आमच्या वाडीतल्या सात बायकांचे दोन तोड्यांचे रोजही गेले, आणि हा तोटा बाजारातल्या कुठल्याच हिशेबपट्टीवर येत नाही.

पाकिटे स्वस्त असतात म्हणून त्यांच्याकडे कुणी गांभीर्याने बघत नाही. पण माझे नुकसान पाकिटाच्या किमतीएवढे नाही. मी खत कमी केले होते. जिवाणू काम करतील या भरवशावर केले होते आणि तो भरवसा मला तुमच्या सल्ल्याने दिला होता. पाकीट मेलेले असेल तर पिकाला ना पोत्यातले नत्र मिळते, ना हवेतले. जो शेतकरी तुमचे ऐकतच नाही, त्याचे यात काही जात नाही. जो ऐकतो त्याचेच जाते. हे मला मान्य नाही आणि म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगते.

पहिली तक्रार उष्णतेची, आणि ती सगळ्यात मोठी आहे. जिवाणू खत हे नाव खत असले तरी ती जिवंत वस्तू आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, त्यात जिवाणू खते आली २००६ साली. त्यात लिहिले आहे की भुकटीच्या रूपातल्या खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी. हिशेब मांडून पाहा. २५० ग्रॅमच्या पाकिटात १,२५० कोटी पेशी झाल्या. ते पाकीट १० किलो बियांना लावतात, त्यात वाटाण्याचे साधारण ५० हजार दाणे धरले तर एका दाण्याच्या वाट्याला अडीच लाख जिवाणू येतात. त्यातले काही उन्हाने, काही कोरड्या मातीने मरतात, काही मातीतल्या इतर जिवाणूंशी झगडताना हरतात, तरी पुरेसे उरतात. पण तेच पाकीट एप्रिल आणि मे महिना पत्र्याच्या दुकानात, पत्र्याला टेकलेल्या फळीवर पडून राहिले तर? हजारातला एक जगला तर दाण्याला अडीचशे पेशी. मुदत तीच, छपाई तीच, वजनही तेच. कारखान्यातून निघताना मोजणी बरोबर असेलही. मला विकताना किती होती, हे कुणी मोजले?

माझी जाऊ आशा सेविका आहे. पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन फिका आहे तोवर लस चांगली. उष्णता लागत जाईल तसा तो गडद होत जातो आणि गोलाएवढा गडद झाला की ती कुपी कुणी वापरायची नाही. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळते. जावेने मला तो चौकोन दाखवला तेव्हा पहिला विचार आला तो रायझोबियमच्या पाकिटाचा. पाच पैशांच्या लबाडीला जागा न ठेवणारी अशी खूण लहान मुलांच्या लसीवर असू शकते, तर जमिनीच्या या लसीवर का नसावी? जिवाणू संवर्धन हा शब्द तुमच्याच पुस्तिकेत आहे. संवर्धन म्हणजे वाढवणे, जपणे. मग कारखान्याच्या फाटकापासून माझ्या घमेल्यापर्यंत ते जपायचे कुणी?

दुसरी तक्रार पिकाच्या नावाची. रायझोबियम एकच नसते. वाटाणा आणि मसुराचा जिवाणू वेगळा. घेवड्याचा वेगळा. मूग, उडीद, चवळी यांचा एक गट. हरभऱ्याचा त्याचा स्वतःचा. सोयाबीनचा तर पार निराळा, वाढतोही सावकाश. मेथी आणि लसूणघास यांचे जिवाणू एकाच गटातले, आणि आमच्याकडचे जुने लोक लसूणघासाला मेथीघास म्हणत आले आहेत याचे मला फार नवल वाटते. मूळ आपल्या रसातून मातीत एक खूण सोडते, तिला ओळखणारा जिवाणूच उलट खूण देतो, मग मुळाचा केस वाकतो आणि जिवाणू आत शिरतो. खूण जुळली नाही तर दार उघडत नाही. सोयाबीनच्या जिवाणूंनी वाटाणा कितीही चोळला तरी गाठ येणार नाही.

नियमही हेच सांगतो. रायझोबियमच्या पाकिटावर जेवढ्या पिकांची नावे आहेत, त्या सगळ्या पिकांवर परिणामकारक गाठी आल्या पाहिजेत, असा निकष आहे. मग "सर्व कडधान्यांसाठी" असे छापलेले पाकीट बाजारात येतेच कसे? किती पिकांवर त्याची तपासणी झाली? राज्यात सोयाबीन अफाट आहे, त्यामुळे त्याचे पाकीट जास्त खपते हे मी समजू शकते. पण पुरंदरमध्ये खरिपाचा वाटाणा हे पोट भरणारे पीक आहे. इथल्या दुकानात वाटाण्याचेच रायझोबियम मागितले की दुकानदार म्हणतो, "ताई, सगळे एकच असते." त्याला कुणी शिकवलेच नसेल तर दोष फक्त त्याचा कसा?

तिसरी गोष्ट बियाण्याच्या रंगाची. सुधारित वाटाण्याचे बी गुलाबी रंग लावून येते, म्हणजे बुरशीनाशक आधीच चोळलेले असते. त्या रंगावर रायझोबियम चोळले तर जिवाणूंना त्याचा अपाय होतो. मग काय करायचे? शेणखतात जिवाणू मिसळून तासात द्यायचे, की जास्त पाकिटे वापरायची? बियाण्याच्या पिशवीवर याबद्दल एक ओळ नसते. जिवाणूच्या पाकिटावर फारतर "रासायनिक औषधांसोबत वापरू नये" एवढेच. दोन्ही पाकिटे एकाच दुकानात एकाच दिवशी विकली जातात आणि दोघांची गाठ पडते ती माझ्या घमेल्यात. "आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू" हे तुमचे सूत्र घरच्या बियाण्याला ठीक आहे. विकतच्या बियाण्याला काय, हे स्पष्ट सांगा.

चौथी तक्रार टोमॅटोच्या बाजूने करते, कारण वाटाणा निदान बोलतो, टोमॅटो बोलत नाही. वाटाण्याच्या मुळावर गाठ दिसते किंवा दिसत नाही. टोमॅटो, कांदा, फ्लॉवर, मिरची यांना आपण हवेतले नत्र बांधणारे अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम, आणि मातीतला स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू देतो. रोपांची मुळे अर्धा तास त्या पाण्यात बुडवून लावतो, किंवा ठिबकमधून सोडतो. त्यांची गाठ नसते, रंग नसतो. आमच्या चुनखडीच्या जमिनीत डीएपीतला बराचसा स्फुरद चुन्याशी बांधला जाऊन अडकून बसतो. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून त्यातला काही मोकळा करतात, हे शास्त्र मला पटते. प्रयोगशाळेत बशीतल्या पांढऱ्या माध्यमावर त्यांच्याभोवती किमान ५ मिलिमीटरचे स्वच्छ कडे पडले पाहिजे, असा नियम आहे. अ‍ॅझोटोबॅक्टरने खाल्लेल्या दर ग्रॅम साखरेमागे किमान १० मिलिग्रॅम नत्र बांधले पाहिजे, हाही नियम आहे. चांगले नियम आहेत. पण ते कडे मला वावरात दिसत नाही. म्हणजे भाजीपाल्याच्या शेतकऱ्याला फसवणूक कळण्याचा मार्गच नाही, आणि ज्याला ती कळू शकत नाही त्याच्यासाठी तपासणी जास्त कडक असायला हवी.

याच बाटल्या युरियाच्या पोत्यासोबत गळ्यात मारल्या जातात. लिंकिंग म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. युरिया हवा तर ही बाटली घ्या. अशी बळेच दिलेली बाटली शेतकरी गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवतो, पुढच्या वर्षी ओततो, काही होत नाही, आणि मग तो सगळ्या गावात सांगतो की जिवाणू बिवाणू सगळे थोतांड आहे. माझ्या डोळ्यांदेखत असे तीन शेतकरी या वाटेवरून परत फिरले. शास्त्राची बदनामी शास्त्राच्या विरोधकांनी केली नाही, या विक्रीने केली. मला याचे सर्वात जास्त दुःख आहे.

तक्रार करायला गेले तेव्हाचे थोडक्यात सांगते. ज्या कार्यालयात गेले तिथले साहेब सभ्यपणे बोलले, त्यांच्यावर माझा राग नाही. ते म्हणाले, फोडलेल्या पाकिटाचा नमुना घेता येत नाही, न फोडलेले आहे का? माझ्याकडे नव्हते. पेरणीच्या दिवशी चारही फोडली होती. एखादे न फोडलेले ठेवावे लागते हे मला कुठल्याच बैठकीत कुणी सांगितले नव्हते. दुसरे असे की, नमुना घेतला तरी त्याचा अहवाल नियमानुसार विक्रेत्याकडे आणि उत्पादकाकडे जातो. ज्याच्या वावरात ते खत पडले आहे, त्याच्या हातात तो कधी आणि कसा येणार?

आणखी एक छोटी पण मनाला लागलेली गोष्ट. २०१५ पासून आम्हाला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात १२ गोष्टी तपासलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जमिनीच्या आरोग्याचा कागद, आणि जमिनीत जे जिवंत आहे त्याचा एकही रकाना नाही. सेंद्रिय कर्ब तेवढा त्यांच्या खाण्याचा अंदाज देतो. कर्ब कमी असलेल्या रानात जिवाणू ओतणे म्हणजे चुलीत लाकूड नसताना काडी ओढणे आहे, हे शेणखताशिवाय बाटली विकणारा कुणी सांगत नाही. ते सांगण्याचे काम तुमचे आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

तपासणी दुकानात करा आणि पेरणीच्या आधी करा. कारखान्यातला नमुना वेगळा आणि मे महिन्याच्या अखेरीस फळीवरचा नमुना वेगळा. जिवाणू बशीत वाढवून मोजायला आठवडाभर पुरतो, पेरणी आटोपल्यावर आलेला अहवाल आम्हाला उपयोगाचा नाही. प्रत्येक नमुन्याचा निकाल बॅच नंबरासह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि तुमच्या संकेतस्थळावर लावा. बॅच नापास झाली तर दुकानात पाकीट हातात धरूनच आम्हाला ते कळले पाहिजे.

शेतकऱ्याला स्वतःचे न फोडलेले पाकीट जिल्ह्याच्या ठिकाणी परवडणाऱ्या शुल्कात तपासून घेता आले पाहिजे आणि अहवाल त्याच्याच हातात पडला पाहिजे. माती तपासून मिळते, पाणी तपासून मिळते, मग हेही मिळू द्या.

"सर्व कडधान्यांसाठी" ही छपाई बंद करा. पिकाचे नाव, जिवाणूचे नाव आणि तो वाण कुठल्या संस्थेतून आणला हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापायला लावा.

जिथे सावलीची, थंड साठवण नाही त्या दुकानाला जिवाणू खते विकायची परवानगी देऊ नका. पाकिटावर उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा विचार करा. लगेच सगळीकडे नको, एका जिल्ह्यात दोन हंगाम करून पाहा. आमचा तालुका त्यासाठी निवडलात तर आमच्या बचत गटाच्या बायका नोंदी ठेवायला तयार आहेत. मी त्यांच्याशी बोलून मगच हे लिहिले आहे.

बियाणे उगवले नाही की समिती वावरात येऊन पाहणी करते. जिवाणू खताच्या तक्रारीतही वावरात या, फुलोऱ्यातच या, मुळे उपटून, धुऊन, गाठ फोडून पाहा आणि कागदावर लिहा. शेतकऱ्याने न चोळलेले दोन-चार तास राखले असतील तर तो पुरावा धरा. शेतीशाळेत सगळ्यांना असे तास राखायला शिकवा. त्याला पैसा लागत नाही.

आणि शेवटची मागणी. कृषी विद्यापीठे आणि सरकारी संस्थांनी तयार केलेली संवर्धने तालुक्याच्या ठिकाणी पेरणीपूर्वी मिळू द्या. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भाजीपाल्यासाठी एकाच भुकटीत नत्र बांधणारे, स्फुरद आणि जस्त विरघळवणारे जिवाणू एकत्र करून दिले आहेत. बी, रोपवाटिकेतले कोकोपीट आणि वावर, तिन्हीकडे ते वापरता येते. म्हणजे करणे शक्य आहे. पुण्याचे पाकीट माझ्या घरी आले ते मुलगा कामाला गेला होता म्हणून. ज्याचे कुणी पुण्याला जात नाही त्याने काय करायचे? प्रात्यक्षिकाचे संच आमच्याकडे आले तेव्हा वाटाणा वीतभर वर आला होता. बीजप्रक्रियेचे पाकीट उगवलेल्या पिकाला देता येत नाही.

हे सगळे होईपर्यंत निदान एवढे करा: ज्या पाकिटाची तपासणी तुम्ही केलेली नाही, त्याच्या भरवशावर खत पाव हिश्शाने कमी करायला सांगू नका. सांगायचेच असेल तर सोबत सांगा की पहिल्या वर्षी थोड्या रानावर करून पाहा, गाठी पाहा, मग कमी करा.

मागच्या खरिपाची दहा रोपांची मुळे मी धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून ठेवली आहेत. पाच चोळलेल्या बियांची, पाच न चोळलेल्यांची. कागदावर तासाचा नंबर आणि तारीख आहे. सोबत चार रिकामी पाकिटे आहेत, बॅच नंबर वाचता येतो. पहिल्या वर्षीच्या मुळांचा फोटो मुलाच्या फोनवर आहे. तुमच्यापैकी कुणीही आले तर ते सगळे ओसरीवर मांडून दाखवीन.

यंदाची पेरणी जूनच्या अखेरीस धरली आहे. खालच्या एकरातच पुन्हा वाटाणा करणार आहे, आणि या वेळी एक पाकीट न फोडता मातीच्या माठाशेजारी गारव्याला ठेवणार आहे. ते कुठे तपासायला द्यायचे, एवढे तरी मे संपायच्या आत कळवावे.

आपली,
एक वाटाणा उत्पादक शेतकरी
पुरंदर तालुका, जि. पुणे